उघडल्यावर दिसेल ते वेगळं

४ मार्च

ठमे,

तुझ्या पायात बसवलेली पट्टी आणि तिचे सात स्क्रू, बेचाळीस हजार. हॉस्पिटलच्या बिलात तसं स्वच्छ लिहिलंय. काल मी आमच्या गॅरेजात त्याच लांबीची, त्याच जाडीची पोलादी पट्टी काट्यावर टाकली. सात स्क्रूंसकट दोनशेला पडली. तुझी वहिनी म्हणाली, "लुटलं मेल्यांनी." मी म्हटलं, अगं, बेचाळीस हजार हीसुद्धा तिची खरी किंमत नाही. ती पट्टी बसली म्हणून ठमी नऊ आठवडे आडवी पडली. अकरा शाळांच्या पेट्या बेसूर राहिल्या. न्हाणीघरापर्यंत जायला शेजारणीचा खांदा लागला. आणि पुढच्या वर्षी तीच पट्टी काढायला डॉक्टर पुन्हा चिरणार, त्याचे पैसे वेगळे. सगळं धरलं तर ती दोनशेची पट्टी अडीच लाखांच्या वर जाते. वहिनी गप्प झाली. तिला गप्प करायला आकडाच लागतो.

म्हणून कामाचं लिहितो. ज्या कंपनीच्या मालट्रकने तुला उडवलं, तिच्या विम्याचा तो टाय लावणारा माणूस आता घरी येईल. गोड बोलेल. शीतगृहाच्या गल्लीतून मागे न बघता ट्रक रिव्हर्स घेतला त्यांच्या ड्रायव्हरने, सायकलवर होतीस तू, आणि दया दाखवल्यासारखा चेहरा करेल तो. त्याच्या आधी आपला कागद तयार हवा. मी एस्टिमेट बनवलंय, आमच्या गॅरेजच्या छापील फॉर्मवर. हसू नकोस, तेवढाच फॉर्म मला भरता येतो.

हॉस्पिटल, एक लाख शहाऐंशी हजार. पट्टी काढण्याचं दुसरं ऑपरेशन, साठ हजार. बुडालेलं काम, महिना अठरा हजारांप्रमाणे सात महिने, एक लाख सव्वीस हजार. रिक्षा, शेजारीण, औषधपाणी, अठ्ठावीस हजार. सायकल साडेसहा हजार, हत्यारांची पिशवी चार हजार. पाय कायमचा थोडा लंगडणार त्याचे दोन लाख, वजा पंचवीस टक्के घसारा, म्हणजे दीड लाख. एकूण पाच लाख साठ हजार पाचशे.

यात इकडचं तिकडे होणार नाही. पंचेचाळीस वर्षं ट्रकचे पत्रे ठोकतोय. गाडी फाटकातून आत शिरली की आवाजावरून सांगतो काय मोडलंय आणि काय खर्च येईल. सर्व्हेअर लोक नंतर दोन दिवस आकडेमोड करून तिथेच येतात. ठमे, माझ्या कानातून काही सुटत नाही. आणि शिस्त म्हणशील तर, रंगारी चार वर्षं कामाला आहे, त्याच्या तोंडून आवाज म्हणून ऐकला नाही मी. नुसता धाक.

एस्टिमेटच्या तळाशी एक ओळ आहे, ती खोडू देऊ नकोस.

फोन का उचलत नाहीस? सहा वेळा केला.

दादा


११ मार्च

दादा,

फोन बिघडलाय. पत्र लिहीत जा. तुझं अक्षर बघितलं की बरं वाटतं, ट्रकच्या मागे रंगवतात तसं मोठं मोठं असतं. शिवाय फोनवर तू एवढा ओरडतोस की शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, "दादांचा फोन होता का? तब्येत बरी आहे ना त्यांची?"

एस्टिमेट वाचलं. माझ्या पायावर घसारा लावलास होय रे? बावन्न वर्षं वापरलेला पाय म्हणून पंचवीस टक्के कमी? मी सांगितलं तर शेजारीण एवढं हसली की तिच्या हातातला चहा माझ्या प्लास्टरच्या जागी सांडला. टायरला घसारा लाव, दादा. पाय मी फार जपून चालवलेला आहे.

टायवाला येऊन गेला. माणूस वाईट नाही. बूट बाहेर काढून आत आला, पेट्यांच्या मधून वाट काढत बसला, आणि भात्यावर हात ठेवायच्या आधी "ठेवू का?" म्हणून विचारलं. त्याच्या कंपनीचा आकडा तीन लाख वीस हजार. एकदा सही केली की दोन्हीकडून विषय संपला, पुन्हा काही मागायचं नाही. ३० एप्रिलपर्यंत सही हवी. नाही केली तर मग कोर्ट, आणि कोर्टाला किती वर्षं लागतात ते तो बोटांवर मोजायला लागला तेव्हा मीच त्याला थांबवलं.

तुझी ती शेवटची ओळ त्याला आवडली नाही. "उघडल्यावर दिसेल ते वेगळं." म्हणाला, "बाई, हे गाडीचं आहे, माणसाला चालत नाही. एवढं खोडून द्या."

आणखी एक गंमत. त्याच्या कागदावर माझ्या कामधंद्याच्या रकान्यात 'हौस' असं लिहिलंय. म्हणून बुडालेल्या कामाचे शून्य. कुठून आणलं हे त्याने, देव जाणे.

माझं छान चाललंय. पेट्या घरीच मागवते. एका गायनाच्या बाईंच्या शाळेची लावून झाली सुद्धा. पाय स्टुलावर आणि पेटी मांडीवर.

ठमी


१६ मार्च

ठमे,

घसारा काढला. एकूण सहा लाख दहा हजार पाचशे. वहिनी म्हणते, बहिणीच्या पायावर घसारा लावणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला, आणि तोही माझ्याच नशिबी.

पण सही करू नकोस. का ते सांगतो, नीट वाच.

मी नवीन नवीन गॅरेज टाकलं तेव्हाची गोष्ट. एक ट्रक आला. समोरून नुसता बंपर वाकलेला, एक दिवा फुटलेला. मी आठ हजार लिहून दिले. सर्व्हेअरने जागच्या जागी मंजूर केले, मला वाटलं आपण शहाणे. बंपर उतरवला तर आत चेसिस वाकलेली. बाहेरून दिसत नव्हती, पण गाडी चालवली की सगळे टायर एका बाजूने झिजणार, असा वाकडेपणा. दुरुस्तीला साठ हजार. विम्याने सांगितलं, तुम्ही आठ लिहिलेत, आम्ही आठ दिले. ट्रकवाला माझ्या दारात बसून रडला. बावन्न हजार मी खिशातून भरले. मोठा मुलगा तेव्हा पाळण्यात होता आणि पाळणा उसना होता.

त्या दिवसापासून प्रत्येक एस्टिमेटच्या तळाशी ती ओळ असते. आधी हाताने लिहायचो, मग छापून घेतली. मोडतोड वरून दिसते तेवढी कधीच नसते. टायवाल्याला सांग, गाडीला चालतं ते माणसाला जास्तच चालायला हवं. गाडी निदान उघडून बघता येते.

फोन बिघडलाय म्हणालीस म्हणून या पत्राबरोबर नवीन पाठवतोय. बटणं मोठी आहेत. नंबर भरून ठेवलेत, पहिला माझा.

'हौस' काय लिहिलंय त्याचं मी बघतो.

दादा


२९ मार्च

दादा,

फोन परत पाठवते आहे. रागावू नकोस. मला नको आहे.

टायवाल्याच्या कागदावर सही करणार आहे. पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय. तीन लाख वीस हजारांत हॉस्पिटलचं देणं फिटून वर थोडे उरतील. मला पुरतात. किती मागायचं, कशाचं मागायचं, या सगळ्याचा कंटाळा आला आहे. तुझ्या ओळीवर अजून रेघ मारलेली नाही. ती सहीबरोबरच मारेन.

वहिनीला सांग, लोकरीची शाल मिळाली.

ठमी


२ एप्रिल

ठमे,

फोनचं पार्सल उघडलं. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा तू सोडवली नव्हतीस. तेव्हा वहिनीने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "काय केलंत तुम्ही तिला? ती साधी चिडत नाही."

मग मी तिला सांगितलं. आता तुला सांगतो. सांगायला दोन पत्रं उशीर झाला.

'हौस' हा शब्द टायवाल्याने माझ्याकडून नेला. जानेवारीत तू हॉस्पिटलात होतीस, पाय वर टांगलेला, आणि तो पहिल्यांदा आला होता. त्याने विचारलं, बाई काय करतात? मी नवीन शर्ट घातला होता. चार माणसं बघत होती. मी म्हणालो, "आमच्या बहिणीला कमवायची गरज नाही, मी बसलोय ना. पेट्यांचं काय, हौस म्हणून करते." असं म्हणालो. तुझ्या उशाशी उभा राहून.

मला मोठेपणा दाखवायचा होता. त्याने तो लगेच लिहून घेतला, आणि तुझ्या सात महिन्यांच्या कामाचं शून्य केलं.

ठमे, बाबा गेले तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. त्या पेटीवाल्या म्हाताऱ्याच्या दुकानात झाडू मारायला लागलीस. दोन वर्षांनी तू त्याच्यापेक्षा बरे सूर लावत होतीस. माझ्या गॅरेजचं पहिलं भाडं तुझ्या पैशांतून गेलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सगळे मला स्वतःच्या जिवावर उभा राहिलेला माणूस म्हणतात, मी मान डोलावतो. आणि तुझ्यासमोर, तू पडलेली असताना, त्याला हौस म्हणालो. तू ऐकलंस, काही बोलली नाहीस, आणि आता तोंड फिरवून बसलीस. बरोबर आहे तुझं.

चिडायचं तेवढं चीड. पण माझ्यावरच्या रागापायी सही करू नकोस. एवढं ऐक.

दादा

वहिनी म्हणते तिचाही नमस्कार लिहा, आणि शालीच्या रंगाबद्दल तू काहीच बोलली नाहीस.


९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मी खिडकीत उभं राहून वाचलं, मग बसून वाचलं. मग शेजारणीने विचारलं, "काय झालं, रडताय की हसताय?"

तू ते म्हणालास हे मला माहीतच नव्हतं. तू माझ्या डाव्या बाजूला उभा होतास.

दादा, डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं होतं ना, तेव्हापासून. हॉस्पिटलात पायाच्या कळांपुढे कानाचं कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. वाटलं, सूज आहे, उतरेल. सूज उतरली. आता आत एक शिट्टी आहे. कुणीतरी पेटीवर वरच्या सप्तकातली एक पट्टी दाबून धरावी आणि बोट उचलायलाच विसरावं, तशी. झोपले तरी असते. उजवा कान थोडासाच उणा झालाय, त्याच्यावर बोलणं निभावतं.

फोन बिघडलेला नाही. उजव्या कानाला लावला तर तुझं सगळं ऐकू येतं, तुझा आवाज तर यायलाच हवा. भीती वेगळीच होती. माझा आवाज मला आता कळत नाही, मी मोठ्याने बोलते आणि मला समजत नाही. वाटलं, दादाच्या कानातून काही सुटत नाही, दोन वाक्यांत ओळखेल. म्हणून पत्र. पत्रात आवाज चढत नाही.

आता खरं ते पुढचं. गायनाच्या बाईंच्या शाळेची पेटी लावून झाली म्हणून लिहिलं होतं. वीस मार्चला बाई स्वतः ती पेटी घेऊन आल्या. रिक्षातून, मांडीवर धरून. खालपासून वरपर्यंत एक एक पट्टी वाजवली आणि कुठली जुळली, कुठली नाही ते मान हलवून दाखवलं. खालचं आणि मधलं बरोबर होतं. वरचं सप्तक सगळं उतरलेलं. तुला माहीत आहे, दोन सूर एकत्र वाजवले आणि जुळले नसतील तर मध्ये एक थरथर येते. ती थांबेपर्यंत त्या सुराची पेटीतली पितळेची जीभ घासायची, एवढंच माझं काम. वरच्या सुरांची ती थरथर मला ऐकूच आली नाही, दादा. मला वाटलं जुळलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी बाईंचे पैसे परत केले. त्या नको नको म्हणत होत्या, मी त्यांच्या पर्समध्ये कोंबले.

म्हणून सही करायला निघाले होते. कानाचं लिहून मागितलं की ते कागदावर येणार. कागद दहा ठिकाणी फिरणार. ज्या बाईला ऐकू येत नाही तिला कुठली शाळा पेटी देईल? पायाचे पैसे घ्यावेत, आणि जितके दिवस झाकलं जाईल तितके दिवस काम करावं, असं ठरवलं होतं. तुझ्या ओळीवर रेघ मारायला पेन उघडून बसले सुद्धा. टायवाल्याला म्हटलं, पुढच्या बुधवारी या.

तू काय म्हणालास ते मला तेव्हा ऐकू आलं असतं तर मी चिडले असते का, याचा खूप विचार केला. थोडी चिडले असते.

शालीचा रंग छान आहे.

ठमी


१३ एप्रिल

ठमे,

शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतो. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. टायवाल्याला दार उघडू नकोस, मी आल्यावर मी उघडेन.

कामाचं तेवढं आता लिहितो, बाकीचं समोरासमोर. उजव्या बाजूला बसून.

तुझ्या कानाचं किती लिहायचं यावर काल रात्रभर फॉर्म पुढे ठेवून बसलो. एका जागी पेन अडलं. मग आठवलं, आमच्याकडे जो भाग आता कुठल्याच कारखान्यात बनत नाही, त्याच्यापुढे आम्ही किंमत लिहीत नाही. लिहितो, 'मिळत नाही.' आणि मग गाडी उरलेल्या आयुष्यात काय कमावणार होती ते मोजतो. तू पासष्टीपर्यंत पेट्या लावणार होतीस, अजून तेरा वर्षं. निम्मं काम गेलं धर. महिना नऊ हजार, वर्षाला एक लाख आठ हजार, तेरा वर्षांचे चौदा लाख चार हजार. आधीचे सहा लाख दहा हजार पाचशे धरून वीस लाख चौदा हजार पाचशे. शिट्टीचे किती ते मला मोजता येत नाही. ते फुकट गेले त्यांना.

आता झाकण्याचं. ठमे, मी आठ हजारांची चूक कागदावर केली आणि बावन्न हजार आयुष्यातून भरले. तू तीन लाखांची सही करशील आणि कान आयुष्यभर भरत राहशील. आणि झाकलं तर जाणारच नाही. बाईंना कळलंच ना? त्या पेटी मांडीवर घेऊन आल्या. दुसऱ्या कुणी असत्या तर न सांगता दुसरा माणूस शोधला असता. मला वाटतं त्या बाईंना विचारावं. त्यांच्याच हातचं पत्र लागेल आपल्याला. आणि तुझ्या वह्या काढून ठेव, ज्यात तू तारीख, शाळा आणि कुठला सूर घासला ते लिहितेस. पस्तीस वर्षांच्या सगळ्या. हौस अशी लिहून ठेवत नाहीत.

दादा


२१ एप्रिल

ठमे,

सुखरूप पोचलो. वहिनीने पहिला प्रश्न विचारला, "शाल अंगावर होती का?" होती म्हणून सांगितलं.

टायवाल्याशी काय बोलणं झालं ते तुला पुरतं कळलं नाही, कारण तो माझ्याशी जिन्यात बोलला. "दादासाहेब, पहिल्या कागदात कानाचा उल्लेखच नाही. आता साडेतीन महिन्यांनी कान कुठून आला?" मी त्याच्याच फायलीतली एस्टिमेटची प्रत काढली, माझा शिक्का, माझी सही, तुझी सही, चार मार्च. तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, वाचा. त्याने वाचलं. म्हटलं, आता उघडलं, आता दिसलं. आणि दुसरं, रकान्यात हौस लिहिलंय ते माझ्या फुशारकीचं आहे, माझ्या बहिणीच्या कामाचं नाही, हे मी लिहून देतो. पस्तीस वह्या बघून तो जिन्याच्या पायरीवर बसला. शेवटी म्हणाला, "माझी आईसुद्धा शिवणकाम हौस म्हणून करते असंच आम्ही सांगायचो." मग मीही बसलो. चांगला माणूस आहे. टाय उगाच लावतो.

डॉक्टरांकडे तू काचेच्या खोलीत कानाला ते भांडं लावून बसलीस आणि आवाज आला की बटण दाबत होतीस, तेव्हा मी बाहेरून बघत होतो. मध्येच तू कितीतरी वेळ बटण दाबलं नाहीस. मशीनवर सूर चालू होता, तपासणाऱ्या मुलीने मला खुणेने दाखवलं. मला व्हरांड्यात जाऊन भिंतीवरचा तक्ता वाचावा लागला.

नंतर तू औषधं घ्यायला गेलीस, तेव्हा गंमत म्हणून त्या मुलीने माझेही कान तपासले. म्हणाली, काका, पंचविशीतल्या पोराचे कान आहेत. पंचेचाळीस वर्षं हातोडा ऐकूनसुद्धा. मी म्हटलं, मला माहीत होतं.

दादा


६ सप्टेंबर

दादा,

झालं. काल टायवाला स्वतः आला, या वेळी टाय नव्हता. सोळा लाख पंचवीस हजार. तू वीस लाख चौदा हजार पाचशे म्हणाला होतास, म्हणजे चार लाखांनी हुकलास, पण मी कुणाला सांगणार नाही. सही केली. उजव्या हाताने, उजव्या बाजूला शेजारणीला उभं करून.

अकरा शाळांपैकी चार गेल्या. दोन शाळांनी पत्र पाठवलं, दोन शाळांनी तेवढंही नाही. सात राहिल्या, त्या गायनाच्या बाईंमुळे. कंपनीला पत्र दिलं त्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर हिशेब मांडला. म्हणाल्या, "खालचं आणि मधलं तुमचं तुम्ही लावा. वरचं सप्तक आलं की मी येऊन बसते. घासा तुम्ही, ऐकते मी." मी म्हटलं, बाई, तुमचे पैसे? तर म्हणाल्या, "त्या दिवशी पर्समध्ये कोंबलेत ना, ते अजून आहेत." आता दर शनिवारी येतात. मी घासते, त्या डोळे मिटून बसतात, आणि जुळलं की नुसतं बोट वर करतात. घासताना माझा हात पितळेवर असतो. परवा एकदा त्यांचं बोट वर जायच्या आधी थरथर थांबलेली माझ्या बोटांना कळली. त्यांना मी सांगितलं नाही. तुला सांगते.

कानाचं यंत्र बसवलं. शिट्टी जात नाही, पण तिच्या आजूबाजूला बाकीचं जग आलंय. जिन्याखालचा नळ गळतो, हे नवीन कळलं.

आता एक कागद परत पाठवते आहे. टायवाल्याने फाइल परत दिली, त्यात माझ्या तपासणीला तुझीही टाचून आली होती. आडनाव एक, तारीख एक, त्या मुलीने एकत्र लावली असणार. टायवाला म्हणाला, "दादासाहेबांच्या कानांचा आमच्या ट्रकशी संबंध नाही, पण काळजी घ्या म्हणावं." मी वाचली. माझा डावा अडुसष्ट टक्के गेलाय, उजवा वीस. तुझा डावा अठ्ठेचाळीस, उजवा बावन्न. दोन्ही मिळून तू माझ्या पुढे आहेस, दादा.

तू शरमलास म्हणून लपवलंस. मीही तेच केलं होतं. तेव्हा यावर आपण दोघांनीही काही बोलायचं नाही.

सोबतच्या खोक्यात दोन यंत्रं आहेत, डाव्याचं आणि उजव्याचं. पैसे माझ्या सोळा लाखांतले. त्या पहिल्या भाड्याच्या वेळी तू मला विचारलं नव्हतंस की ठमे, घेऊ का. मीही विचारत नाही. खोकं मात्र परत पाठवू नकोस. चिकटपट्टी मी स्वतः सोडवून ठेवली आहे.

ठमी


१८ सप्टेंबर

ठमे,

खोकं मिळालं. दोन दिवस कपाटावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी वहिनीने हात धरून बसवलं आणि दोन्ही घातली. मग हळू आवाजात काहीतरी बोलली. मी म्हटलं, ऐकू आलं. ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, शालीचा रंग. तिने डोळ्याला पदर लावला. म्हणाली, चार वर्षं एकच गोष्ट दोनदा सांगून सांगून दमले होते मी.

तशीच यंत्रं घालून गॅरेजात गेलो. कुणाला काही सांगितलं नाही. फाटकात उभा राहिलो. ट्रक आत आला. त्याच्या मागच्या डाव्या चाकात बेअरिंग वाजत होतं. ते मला आज ऐकू आलं. मग आठवलं, गेली काही वर्षं मी कान देऊन उभा राहायचो आणि बोनेटवर हात ठेवायचो, आणि आकडा हातानेच सांगायचो. हात खोटं बोलत नव्हता. मीच बोलत होतो.

हातोड्याजवळ थांबवेना, आवाज फार मोठा लागतो आता. म्हणून मागे रंगाच्या खोलीकडे गेलो. दार बंद होतं. आत रंगारी एकटा, तोंडाला फडकं बांधलेला, दरवाज्याच्या पत्र्याला निळा हात देत होता. मी दाराशी बराच वेळ उभा राहिलो. वेल्डिंगवाल्याला हळूच विचारलं, हे कधीपासून?

तो म्हणाला, "मालक, कामाला लागला त्या दिवसापासून."

ठमे, रंगारी गातो. दिवसभर गातो.

दादा